कोंबडा पाहून घेऊ नका, त्याची पिल्लं पाहून घ्या

नमस्कार काकू,
माझं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. बचत गटाचं कर्ज आणि कापसाचे थोडे पैसे मिळून मी गेल्या वर्षी २४,००० रुपयांना सहा ‘सेमानी’ घेतल्या, एक कोंबडा आणि पाच कोंबड्या. जीभ, तुरा, नखं, सगळं काळंभोर. पिल्लं आम्हीच परत घेऊ, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. दिवसा त्या घरामागच्या सांदवाडीत मोकळ्या असतात, रात्री खुराड्यात. गणपतीत गावरान कोंबडीखाली १९ पिल्लं निघाली. त्यातली सात गुलाबी पायांची निघाली, आता त्यांचा तुराही लाल दिसतो. आणखी तिघांच्या बोटांची टोकं पांढरी आहेत. तो माणूस आता फोन उचलत नाही. घरचे म्हणतात, सगळ्या बाजारात काढून टाक. त्यात शेजारचं वासरू मेलं, तेव्हापासून गल्लीत कुजबुज आहे की हे काळ्या कोंबड्यांमुळं झालं. एक जण तर अमावास्येसाठी कोंबड्याचे ५,००० रुपये द्यायला तयार आहे. मला फसवलं का? ठेवू की विकू? माझी सात वर्षांची मुलगी गुलाबी पायाच्या एका पिल्लाला सोडतच नाही, ते वेगळंच.

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा २४,००० चा आकडा मनात रुतला. दुसऱ्यांदा वाचताना ‘सात गुलाबी’ या शब्दांवर थांबले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या सात पिल्लांकडे आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

काळा रंग तयार करणाऱ्या पेशी सगळ्याच कोंबड्यांत असतात. पण या कोंबड्यांत विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट झालेला असतो. त्यामुळे पिल्लू अंड्यात असतानाच त्या पेशी भराभर वाढतात आणि कातडी, मांस, हाडांवरचं आवरण, जीभ, आतडी असं सगळीकडे पसरतात. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी हे उलगडून दाखवलं. जावा बेटावरची सेमानी, चीनची सिल्की आणि आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातली झाबुआची कडकनाथ, या तिघींच्या काळेपणाचं मूळ हेच. रक्त मात्र तिघींचं लालच असतं आणि अंडी साध्या मलईच्या किंवा फिकट तपकिरी रंगाची. मोबाईलवर काळ्याकुट्ट अंड्यांचे फोटो फिरतात, ते खोटे आहेत. कोणी ‘काळं रक्त’ सांगून कोंबडी विकत असेल तर तिथून उठून यावं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. पिल्लाला काळेपणाची एक मात्रा आईकडून आणि एक बापाकडून मिळते. दोन्ही मिळाल्या तर पक्षी काळा. एकच मिळाली तरी तो बऱ्याच अंशी काळाच दिसतो, आणि इथेच माणूस फसतो. एक मात्रेचा कोंबडा आणि एक मात्रेची कोंबडी एकत्र आले की त्यांच्या चार पिल्लांमागे साधारण एकाला एकही मात्रा मिळत नाही. त्याची पिसं काळी असू शकतात, पण पाय गुलाबी आणि तुरा लाल. तुमच्याकडे १९ मध्ये सात निघाली. हिशोबापेक्षा थोडी जास्त आहेत, पण एवढ्या लहान संख्येत इतका फरक पडतोच.

आता बघा, पाच कोंबड्यांपैकी कोणकोणत्या एक मात्रेच्या आहेत ते आज सांगता येत नाही. पण बाप एकच आहे. बापाच्या दोन्ही मात्रा पक्क्या असत्या तर एकही पिल्लू गुलाबी निघालं नसतं, तुमच्या पाच काळ्या कोंबड्यांपैकी आई कोणतीही असो. म्हणजे ही सात पिल्लं खरंच तुमच्या कोंबड्याची असतील, तर तो कोंबडा नक्की एक मात्रेचा आहे. मग त्याची जीभ कितीही काळी असो.

‘खरंच तुमच्या कोंबड्याची असतील तर’ हे मी मुद्दाम लिहिलं, कारण तुमच्या कोंबड्या दिवसा सांदवाडीत मोकळ्या असतात. शेजाऱ्याचा गावरान कोंबडा भिंतीवरून येत नाही, असं गाव मी अजून पाहिलेलं नाही. आणि बहुतेकांना ठाऊक नसतं की कोंबडा एकदा लागला की त्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. त्या कोंबड्याला तुम्ही त्या दिवशी पाहिलंही नसेल, तरी त्याची पिल्लं पंधरा दिवसांनी घातलेल्या अंड्यांतून निघू शकतात. सातांपैकी नरांच्या मानेवर आणि खांद्यावर लालसर-सोनेरी पिसं फुटायला लागली असतील, तर माझा संशय शेजाऱ्याच्या कोंबड्यावर जास्त राहील. शिवाय खुडूक बसलेल्या गावरान कोंबडीने स्वतःचं एखादं अंडं त्यात घातलं होतं का, तेही आठवून बघा. सातही पिल्लांचा खुलासा त्याने होणार नाही, पण एखाद-दुसऱ्याचा होऊ शकतो.

म्हणून फसवणुकीचा निकाल आत्ताच देऊ नका. आधी तपासणी करा. ती अशी.

पाचही कोंबड्या आणि तो कोंबडा तीन आठवडे पूर्ण बंदिस्त ठेवा. तुराट्यांचा किंवा बांबूचा कूड आणि वरून जाळी पुरते, पण वर मोकळं राहता कामा नये. पहिल्या तीन आठवड्यांतली अंडी खा, उबवू नका. त्यानंतर बांबूच्या तट्ट्यांनी पाच खण करून प्रत्येक कोंबडी वेगळी ठेवा आणि कोंबडा दर एक-दोन दिवसांनी एकेका खणात सोडा. रोज सोडायची गरज नाही. अंड्यावर पेन्सिलीने कोंबडीचा नंबर आणि तारीख लिहा. शाईचं पेन नको, शाई कवचातून आत उतरू शकते. पिल्लं निघाल्याबरोबर आईच्या नंबरप्रमाणे पायात रंगीत दोरा सैल बांधा आणि दर आठवड्याला बदला, नाहीतर तो पायात रुततो.

एकेका कोंबडीची निदान दहा-बारा पिल्लं बघितल्याशिवाय तिला पास करू नका. चार पिल्लं काळी निघाली म्हणून आई पक्की, असा अर्थ होत नाही. एक मात्रेच्या जोडीचीही चारच्या चार पिल्लं काळी निघण्याची वेळ साधारण तीनात एकदा येते. बाप एक मात्रेचा असूनही बारा काळी निघाली तर मात्र बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. यासाठी सगळा हिवाळा जाईल, आणि तो जाऊ द्या. गुलाबी पिल्लू दिलं त्या कोंबडीला खाण्याच्या अंड्यांसाठी ठेवा, तिची अंडी उबवायला घेऊ नका. बंदिस्त ठेवूनही गुलाबी पिल्लं निघाली, तर कोंबड्याला रजा द्यायची. एकही निघालं नाही, तर बहुधा शेजाऱ्याचा कोंबडा दोषी आणि तुमचा कोंबडा चांगला. तेव्हा त्या विकणाऱ्याबद्दलचं तुमचं मतही थोडं बदलावं लागेल.

एक बाजारातली युक्तीही सांगते, म्हणजे पुढच्या वेळी घेताना डोळे उघडे राहतील. पक्का काळा कोंबडा साध्या पांढऱ्या पायांच्या कोंबडीला लावला तर होणाऱ्या तलंगा, म्हणजे तरुण माद्या, बऱ्याच काळ्या निघतात, पण त्यांचे भाऊ फिके निघतात. काळेपणा दाबणारा एक वेगळा गुण असतो, तो साध्या आईकडून फक्त मुलांकडे जातो, मुलींकडे नाही. त्यामुळे असा संकर करून फक्त तलंगा ‘अस्सल काळ्या’ म्हणून विकणं सोपं जातं. कोणी नुसत्या माद्याच विकत असेल, त्यांचे भाऊ दाखवायला तयार नसेल, तर तिथे पैसे काढू नका. आणि कोंबडा घ्यायचा तर दीड-दोन वर्षांचा घ्या, ज्याची वीस-पंचवीस पिल्लं समोर हिंडताना दिसतात. तुमच्यासारख्याच एका ओळखीच्या घरी देखणा कोंबडा पाहून मीही एकदा भुलले होते. त्याच्या तिसऱ्या पिढीत मला पांढऱ्या नखांचा थवा मिळाला आणि दोन वर्षं वाया गेली. तेव्हापासून मी कोंबडा बघायचं सोडलं, त्याची लेकरं बघते.

आता नावाबद्दल. अस्सल आयाम सेमानी मध्य जावातल्या केडू आणि तेमांगगुंग भागातली. ‘आयाम’ म्हणजे त्यांच्या भाषेत कोंबडीच. युरोपात ती १९९८ मध्ये यान स्टीवरिंक नावाच्या डच पाळणाऱ्याने नेली. आपल्या देशात जिवंत पक्षी किंवा उबवणीची अंडी बाहेरून आणायची तर १८९८ च्या पशुधन आयात कायद्याखाली परवानगी लागते, विलगीकरण लागतं. त्यामुळे गावोगाव ‘सेमानी’ म्हणून जे विकलं जातं त्यात कडकनाथचं रक्त बरंच असावं, असं मला वाटतं. तुमच्या सहा पक्ष्यांना आईबापाचा काही कागद नाही. नुसतं बघून त्या सेमानी आहेत की निवडून काळ्या केलेल्या कडकनाथ, हे मीच काय, कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की तुम्ही विकताना ‘सेमानी’ म्हणू नका. ‘माझ्याकडच्या काळ्या कोंबड्या’ म्हणा आणि त्यांच्या आया दाखवा. गिऱ्हाईक कमी येतील. पण आलेलं गिऱ्हाईक परत येईल.

खरं सांगू का, नवा कोंबडा घ्यायची वेळ आली तर मी तुमच्या जागी असते तर चांगल्या काळ्या वाणाचा कडकनाथच घेतला असता. कडकनाथमध्ये पूर्ण काळा, पांढऱ्या रेघांचा आणि सोनेरी झाक असलेला असे तीन प्रकार आहेत, त्यातला पहिला. झाबुआ, अलीराजपूर, धार हा डोंगराळ भिल्ल-भिलाला लोकांचा मुलूख, तिथे या पक्ष्याने पिढ्यानपिढ्या ऊन सोसलंय. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तो आपल्या हवेला परका नाही. नवा पक्षी आणला की महिनाभर घरच्या कळपापासून वेगळा ठेवा, दाणापाण्याची भांडीही वेगळी, आणि त्याच्याकडे शेवटी जा.

पिल्लं परत घेण्याच्या वचनाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तुमचा राग मला कळतो. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातून उघडकीला आलेलं कडकनाथचं प्रकरण आठवा, पिल्लं महाग विकायची, अंडी आणि पक्षी परत घेऊ म्हणायचं आणि मग हात वर करायचे. त्याआधी इमूंचंही तसंच झालं होतं. व्यवहार कागदावर असेल, फोनवरून पैसे पाठवल्याची नोंद असेल, तर ती जपून ठेवा आणि तक्रार द्या, पण ते पैसे परत येतील असं धरून घराचा हिशोब मांडू नका.

हिशोब असा मांडा. अशी कोंबडी वर्षाला जेमतेम ८० ते १०० अंडी देते, तीही सलग नाही. वीस-पंचवीस अंडी झाली की मध्ये मोठी विश्रांती. उबवायला ठेवलेल्या दहा अंड्यांतून सहा पिल्लं निघाली तरी मी समाधान मानते. त्यातली निम्मी नर. त्या नरांतला एखादाच पुढच्या पिढीचा बाप होण्याच्या लायकीचा. उरलेले खायला किंवा विकायला. म्हणजे शोभेचा पक्षी विकून येणारा पैसा कधीतरीचा आणि अंडी-मांसाचा पैसा नेमाचा. बचत गटाचा हप्ता नेमाच्या पैशातूनच निघायला हवा. काळं मांस औषधी म्हणून कोणी जास्त भाव देऊ केला तर तुमच्या तोंडून त्याला ‘हो’ म्हणू नका.

ऋतूबद्दल माझा नियम एकच आहे, पोळ्यापासून होळीपर्यंत उबवायचं, नंतर बंद. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा कोंबड्याचं बीज कमजोर पडतं आणि अंडं टोपलीतच अर्धवट उबायला लागून मरतं. अंडी जमवतानाही सात दिवसांच्या वर ठेवू नका. ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या पसरट भांड्यात, निमुळतं टोक खाली करून, सावलीत ठेवा. उबवायला ठेवल्यापासून सातव्या रात्री अंधारात बॅटरीच्या उजेडात अंडं धरून बघा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठीक, नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर काढून टाका. गावरान खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी हीच आपल्या गावात सगळ्यात भरवशाची सोय आहे. या काळ्या कोंबड्या स्वतः अंड्यांवर नीट बसत नाहीत. उबवणी यंत्राचा मोह तुम्हाला होईल. पण त्याला २१ दिवस साडेसदतीस अंशाच्या आसपासची उष्णता न चुकता लागते, आणि तुमच्याकडे वीज किती वेळ जाते ते तुम्हीच जाणता.

काळी पिसं उन्हात लवकर तापतात. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग गार करते. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन आत कमी शिरतं. टिनाच्या छपरावर चुना मारा आणि वर पऱ्हाट्यांचा किंवा पळसाच्या फांद्यांचा थर द्या. कवेलूचं, म्हणजे कौलारू, छप्पर असेल तर फारच बरं. दुपारी दाणा उचलून ठेवा, पहाटे आणि सांजेला द्या. पाणी माठातलं, दिवसातून तीनदा बदललेलं. ओलं गोणपाट उन्हाच्या बाजूला टांगा, पण हवा अडवू नका. दमट कोंदट खुराड्यात कोंबडी उन्हापेक्षा लवकर मरते.

दाण्यात दोन गोष्टी आपल्या भागात हमखास चुकतात. घरात सोयाबीन असतं म्हणून ते कच्चंच टाकलं जातं. कच्च्या सोयाबीनने पचन बिघडतं, पिल्लांची वाढ खुंटते, ते भाजून किंवा शिजवूनच द्या. आणि गाई-बैलांची सरकीची ढेप कोंबड्यांना देऊ नका, त्यातल्या विषारी अंशाने बलक हिरवट होतो आणि अंडी कमी उबतात. ज्वारी, मका, तुरीची चुरी, वावरातला हिरवा पाला आणि पिल्लांना पहिले दोन महिने विकतचं पिल्लांचं खाद्य. पेरणीतून उरलेलं औषध लावलेलं बियाणं त्यांच्या चोचीला लागता कामा नये. फवारणीच्या दिवशी खुराडं बंद.

लसीला टाळाटाळ नको. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आली की चार दिवसांत अख्खं खुराडं रिकामं होतं आणि तुमच्या एवढ्या निवडीची मेहनत मातीत जाते. पहिल्या आठवड्यात मानमोडीची थेंबांची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा, मग दोन महिन्यांनंतर टोचायची. देवीची लस सहा ते आठ आठवड्यांत. बाकीच्या तारखा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. लसीची कुपी बऱ्याच पक्ष्यांची असते, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लस द्यायचं ठरवा. शेजाऱ्याच्या गावरान कोंबड्याचंही त्यात भलं आहे. आणि कुठे पक्षी अचानक मरायला लागले तर उचलून फेकू नका, दवाखान्याला कळवा. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, हा आजार आपल्या दारापासून लांब नाही.

आता अमावास्येच्या गिऱ्हाईकाबद्दल. ताई, त्याला कोंबडा देऊ नका. ५,००० रुपये तुमच्यासाठी लहान रक्कम नाही, हे मला ठाऊक आहे. पण एकदा तुमच्या दारातून अमावास्येला काळा कोंबडा गेला की गल्लीतली कुजबुज खरी ठरते. उद्या कोणाचं लेकरू आजारी पडलं तरी बोट तुमच्याकडे वळेल. त्याला सरळ सांगा, हा कोंबडा पिल्लांसाठी आहे.

वासरू का मेलं ते पशुवैद्यक सांगू शकतात, पोट फुगणं, घटसर्प, फऱ्या, साप, कारणं पुष्कळ आहेत. तुम्ही स्वतः त्या घरी जा. सासूबाईंना सोबत न्या, दहा अंडी न्या आणि वासराची विचारपूस करा. त्यांच्या मुलांना कोंबड्या बघायला बोलवा. काळी जीभ बघून मुलं आधी घाबरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. एवढं करूनही कोणी तुम्हाला करणी करणारी म्हणून उघडपणे बोललं, तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड होऊ शकतो. आधी पोलीस पाटलांच्या कानावर घाला. गरज पडली तर ठाण्यात जा, एकट्या जाऊ नका, गटातल्या बायकांना घेऊन जा.

तुमचा शेवटचा प्रश्न, ठेवू की विकू. होळीपर्यंत ठेवा. घरच्यांना मुदत सांगून ठेवा, म्हणजे रोजचा वाद होणार नाही. पांढऱ्या बोटांच्या तीन पिल्लांना पैदाशीत घेऊ नका, पण ती कोणाला द्यायची झाली तर बोटं दाखवून द्या. गुलाबी पायांचे नर मोठे झाले की खाण्यासाठी विका.

मुलीचं ते पिल्लू मात्र राहू द्या. ती तलंग निघाली आणि बाप शेजारचा गावरान कोंबडा असेल, तर तिच्यात खुडूक बसण्याचा गुण आला असण्याची शक्यता आहे. पुढच्या पोळ्यानंतर ती बसली, तर पास झालेल्या कोंबड्यांची दहा अंडी तिच्याखाली ठेवा आणि पेन्सिलीने नंबर लिहायचं काम मुलीला द्या.

तुमची,
काकू